मालनचा वाटा

डॉ. वसुधा देवस्थळींनी सुगंधाला आपल्या हाताखाली घेतलं, त्याला कारण तिचे मार्क नव्हते. कॉलेजात त्यांनी मुलांना घरच्या जेवणावर दोन पानं लिहून आणायला सांगितली होती. बाकीच्यांनी सणावारांची पक्वान्नं लिहिली. सुगंधानं लिहिलं की गिरणीच्या संपात आमच्या घरी आंबोळीचं पीठ रोज थोडं जास्त पातळ होत गेलं, आणि आई ते ज्या हातानं पसरायची तो हात रोज थोडा जास्त हलका होत गेला. देवस्थळीबाईंनी ती पानं वर्गात वाचून दाखवली आणि तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं.

सुगंधा घाटकोपरच्या टेकडीवर राहायची. बाप गुणाजी परळच्या गिरणीत मागावर साचेवाला होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, मग तो मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर बसायला लागला. आई विमल घरात चार माणसांची खानावळ चालवायची. टेकडीवरची निम्मी घरं अशीच, कणकवली-मालवणकडची, गिरणीतून उठलेली. या घरातली मुलगी बी.ए. झाली आणि लगेच अंधेरीच्या एका संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागली, याचं वस्तीत सगळ्यांना कौतुक होतं.

प्रकल्प मोठा होता. आशिया आणि आफ्रिकेतल्या पाच शहरांत, हातातलं काम गेलेल्या घरांमधल्या आया शाळेत जाणाऱ्या मुलांना काय खाऊ घालतात आणि त्या खाऊ घालण्यातून मुलं काय शिकतात, असा त्याचा विषय. अक्रा, दार-ए-सलाम, कोलंबो, मनिला आणि मुंबई. मुंबईची जबाबदारी वसुधाताईंकडे होती. त्यांना ताई म्हणायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. मॅडम म्हटलं की त्या रागवायच्या. पार्ल्याच्या त्यांच्या घरी सुगंधा जेवायला बसायची, कपाटातली पुस्तकं न विचारता काढायची. आलेल्या माणसाला ताई तिची ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमचीच पोर."

टेकडीवर आधी ताई एकट्याच गेल्या होत्या, छापील प्रश्नांचे कागद घेऊन. बायकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे असं सांगितलं. सुगंधा गेली तेव्हा तिला खुर्ची मिळाली नाही, चुलीपाशी पाट मिळाला. दोन वर्षं ती त्या पाटांवर बसली. कुणी वाटाणे निवडताना बोललं, कुणी सुकट भाजताना. प्रकल्पाचे कागद ती संस्थेत भरून द्यायची, पण घरी एक निळी वही वेगळी ठेवायची. कागदावरच्या चौकोनात मावत नाही ते त्या वहीत जायचं.

मथुराकाकीची गोष्ट चौकोनात मावणारी नव्हती.

मथुराकाकी विमलची जिवाची मैत्रीण. संपात नवरा गावी निघून गेला तो परतलाच नाही. पदरात दोन मुली, पाच वर्षांची मालन आणि साडेतीन वर्षांची मीरा. दोघी पाण्याच्या टाकीजवळच्या बालवाडीत जायच्या. तिथे शांताबाई नावाच्या शिक्षिका होत्या, आणि तिथे मुलांना दुपारच्या खाण्यासाठी सुकडी, म्हणजे गूळ घातलेल्या पौष्टिक पिठाची पुडी मिळायची. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात वस्तीत जुलाबांची साथ आली आणि मालन तीन दिवसांत गेली. दहाव्याबाराव्या दिवशी मीराला बालवाडीत सोडायला गेलेल्या मथुराकाकीनं पाहिलं की हजेरीत मालनचं नाव अजून आहे. शांताबाईंनी मान वर न करता दोन पुड्या तिच्या हातात ठेवल्या. काकीनं त्या घेतल्या. त्या दिवशी घेतल्या, दुसऱ्या दिवशी घेतल्या, आणि पुढचे सात महिने घेत राहिली. मालनच्या वाट्याचं मीरानं खाल्लं. शांताबाई रोज मालनचं नाव पुकारायच्या आणि स्वतःच हजर मांडायच्या. काकी सांगत होती की पुकारा झाला की दाराबाहेर उभ्या असलेल्या तिला बरं वाटायचं. कुणीतरी पोरीला नावानं हाक मारतंय, एवढंच.

हे सांगून झाल्यावर तिनं सुगंधाचं मनगट धरलं. "ह्या खंयच लिवू नको गो. तुका सांगलंय ता तुझ्यापाशीच रवांदे. मीराक ठावक नाय."

सुगंधानं नाही लिहीत म्हटलं. आणि घरी जाऊन लिहिलं. ती नंतर स्वतःला अनेकदा विचारायची की का लिहिलं, आणि दर वेळी वेगळं उत्तर द्यायची. त्या दिवशी मात्र तिला एवढंच वाटलं होतं की हे छातीत राहिलं तर झोप लागणार नाही. लिहूनही झोप लागली नाहीच. मग आठवडाभरानं तिनं ती वही वसुधाताईंना दाखवली. हे पान कामाचं नाही, पण तुम्हाला वाचायला द्यावंसं वाटलं, असं म्हणाली. ताईंनी खिडकीत बसून वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. वही थोडे दिवस माझ्याकडे राहू दे म्हणाल्या, आणि सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे आपल्या दोघींतच राहील."

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत अंधेरीला परिसंवाद भरला. पाचही शहरांतले अभ्यासक आले; त्यांच्या निबंधांचं पुढे पुस्तक निघायचं होतं. तीन दिवसांचा कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण टेकडीवरच्या बायकांनी रांधायचं अशी ताईंची कल्पना. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो त्यांच्या हातचं खाल्लंही पाहिजे, असं त्या म्हणाल्या आणि सुगंधाला ते फार पटलं. विमल, मथुराकाकी आणि आणखी दोघी सकाळीच आल्या. काकीनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. संस्थेच्या मागच्या अंगणात त्यांनी चुली मांडल्या. आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांची आमटी, सुकटाची चटणी, सोलकढी.

सकाळच्या सत्रात अक्राच्या एफुआबाई बोलल्या. पन्नाशीच्या, उंच, संथ बोलणाऱ्या बाई, परिसंवादाच्या पुस्तकाच्या संपादकांपैकी एक. त्यांच्याकडे मक्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मक्याच्याच सोलपटात गुंडाळून उकडतात. बाजारात हे विकणाऱ्या बाया मुलींना हिशेब, चव आणि गिऱ्हाइकाची पारख एकाच वेळी कशा शिकवतात, ते त्यांनी सांगितलं. शाळेनं यातलं काही शिक्षण मानलंच नाही, असं त्या म्हणाल्या. आंबवलेल्या पिठाचं ऐकून सुगंधाला हसू आलं. मागच्या अंगणात तिची आई त्या क्षणी तेच करत होती. जेवताना त्यांना सांगायचं असं तिनं मनाशी ठरवलं.

मग वसुधाताई उभ्या राहिल्या. निबंधाचे पहिले तीन खर्डे सुगंधानंच टाइप केले होते, त्यामुळे ती अर्धं लक्ष देऊन ऐकत होती. शेवटचा भाग मात्र तिच्या ओळखीचा नव्हता. ताई इंग्रजीत वाचत होत्या: घाटकोपरच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या बालवाडीत, 'म' नावाच्या एका आईची गोष्ट. हजेरीतलं मेलेल्या मुलीचं नाव. दोन पुड्या. सात महिने. शिक्षिका मुलीचं नाव पुकारते आणि आई बाहेर उभी राहून ऐकते. सुगंधाची वाक्यं होती ती, निळ्या वहीतली, एकामागून एक तशीच्या तशी, फक्त भाषा बदललेली. शेवटी ताई म्हणाल्या की राज्यकर्ते ज्याला फसवणूक म्हणतील त्याला आपण शोक म्हणायला शिकलं पाहिजे. ही आई मुलीला अन्नाच्या यादीतून पुसायला तयार नव्हती.

वाक्य सुंदर होतं. सुगंधाला ते कळलं, आणि ते सुंदर आहे हेच तिला सोसेना. मग ताईंनी कागद खाली ठेवले आणि हलकेच म्हणाल्या की ती आई आज इथेच आहे, आपण जे जेवणार आहोत ते तिनं रांधलंय.

जेवणाच्या पंगतीत सगळ्यांचे डोळे मागच्या अंगणाकडे वळत होते. चौघींपैकी कोण, ते शोधत होते. कोलंबोच्या एका बाईंनी ताईंना विचारलं, ताईंनी नजरेनं दाखवलं. त्या बाई उठल्या, आंबोळी वाढणाऱ्या मथुराकाकीचे पिठानं माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे डोळे भरले होते. काकी लाजून हसली. विमलला म्हणाली, "बाई बरी आसा. चटणी झोंबली वाटता तिका."

एफुआबाई पानावरून उठल्या आणि सुगंधाच्या जवळ आल्या. इंग्रजीत, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "आत काय वाचलं गेलं, ते तिला माहीत आहे?"

सुगंधानं मान हलवली. नाही.

"मग तिला विचार, हे तिला चालतं का. मला तिच्याकडून ऐकायचंय."

मथुराकाकी दोघींकडे बघत होती. बाई काय म्हणते म्हणून तिनं सुगंधाला विचारलं. सुगंधाच्या तोंडून निघालं, "म्हणते, जेवण फार छान झालंय."

काकी खूश झाली. एफुआबाईंना मराठी येत नव्हती, पण त्यांनी सुगंधाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी जाताना त्यांनी आपला पत्ता लिहिलेला कागद तिच्या हातात दिला.

परिसंवादाला एका मराठी दैनिकाचा वार्ताहर आला होता. पाचव्या दिवशी बातमी आली. मेलेल्या मुलीच्या नावावर सात महिने सुकडी, असा मथळा. टेकडी, टाकी, बालवाडी, सगळं होतं. नाव नव्हतं, आणि नावाची गरजही नव्हती. टेकडीवर त्या वर्षी मेलेली आणि त्या बालवाडीतली मुलगी एकच होती.

बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळानं दोन दिवसांत शांताबाईंना घरी बसवलं. त्या अठरा वर्षं तिथे होत्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाई सांगत फिरल्या की आम्हाला याची गंधवार्ता नव्हती. वस्तीत काही जणींनी मथुराकाकीची बाजू घेतली. काही जणींनी आमच्या पोरांना तेव्हा अर्धीच पुडी का मिळत होती ते आज कळलं, असं म्हणायला सुरुवात केली. नळावर तिची कळशी मागे सरकवली जायला लागली.

पण हे सगळं काकीनं सोसलं असतं. न सोसवणारं घडलं ते मीराचं. मीरा आता सात वर्षांची, दुसरीत होती. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं, तू तुझ्या मेलेल्या बहिणीचं खाल्लंस. मीरा घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तोंडाशी घास नेला की दात आवळून घ्यायची. पाणी प्यायची, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सुगंधा तिच्या घरी गेली. दार उघडं होतं. मीरा भिंतीकडे तोंड करून पडली होती, मथुराकाकी तिच्या पायांशी बसली होती. सुगंधा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी पेपरात दिलं नाही काकी, असं काहीतरी तिनं सांगितलं. ताईंना विश्वासानं दाखवलं होतं, त्यांनी असं करायला नको होतं, असंही. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईन त्या दिशी माझे हात धरल्यान," ती म्हणाली. "माका वाटला, जेवणासाठी. तू सांगलंस तसा. जेवण छान झाला म्हणान." मग तिनं विचारलं, "तू लिवलंस कित्याक?"

सुगंधानं का लिहिलं एवढंच काकी विचारत होती; ताईंनी काय केलं ते तिनं विचारलंच नव्हतं. ताई तिच्या कुणी नव्हत्या. सुगंधा तशीच परतली आणि पार्ल्याला गेली.

वसुधाताईंनी बातमी वाचली होती. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वार्ताहराला त्यांनी फोनवर झापलंही होतं. सुगंधानं शांताबाईंचं सांगितलं, मीराचं सांगितलं. ताई म्हणाल्या की शांताबाईंसाठी आपण मंडळाला पत्र लिहू. मुलीला चांगल्या डॉक्टरकडे नेऊ. त्यांच्या आवाजात माया होती, नेहमीसारखीच.

"तो भाग पुस्तकातून काढा," सुगंधा म्हणाली.

"तो भाग काढला तर निबंधात उरतं काय? संपादक मंडळाला तोच सगळ्यात आवडलाय. आणि नाव कुठे घेतलंय मी? 'म' एवढंच आहे."

"टेकडी घेतलीत. बालवाडी घेतलीत. आणि जेवण करायला तिलाच बोलावलंत."

ताईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या की पुस्तकात सहलेखिका म्हणून सुगंधाचं नाव घालायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. पुढच्या वर्षी अक्राला बैठक आहे, तिथेही तिला न्यायचं त्यांच्या मनात होतं. हे आज सांगतेय कारण आज विषय निघाला. सुगंधाला पंधरवड्यापूर्वी हे कळतं तर ती टेकडीभर पेढे वाटत फिरली असती.

"तुम्ही म्हणाला होतात, आपल्या दोघींतच राहील."

ताईंनी चष्मा काढला. "तुला तिनं लिहू नको म्हटलं होतं. वहीत तूच लिहिलंयस ते. तरी तू लिहिलंस, कारण ते लिहिण्यासारखं होतं. आणि मला दाखवलंस, कारण कुणीतरी वाचावं असं तुला वाटत होतं. मी वेगळं काय केलं, सांग?"

वेगळं काहीतरी होतं, हे सुगंधाला पक्कं माहीत होतं, पण शब्द सापडेनात. या घरात तिनं शब्दच तर शिकले होते. टेबलावर निळी वही होती. ती तिनं उचलली, आणि ताईंनी अडवलं नाही. दाराशी पोचल्यावर मागून ताईंचा आवाज आला. जेवून तरी जा, असं त्या म्हणत होत्या. सुगंधा जिना उतरली. संस्थेत ती पुन्हा गेली नाही.

चौथ्या दिवशी शांताबाई टेकडीवर आल्या. विमलनं त्यांना निरोप धाडला होता. नोकरी गेल्यापासून त्या वस्तीत फिरकल्या नव्हत्या. साठीला आलेली, बारीक अंगाची बाई. त्या मथुराकाकीशी बोलल्याच नाहीत, सरळ मीराजवळ जाऊन बसल्या. सुगंधा बाहेर पायरीवर उभी होती.

शांताबाई मीराला म्हणाल्या, "तुझ्या आईनं मागितलं नव्हतं. नाव मी ठेवलं होतं. मालन दुपारी तिची पुडी अर्धी करून तुला द्यायची, रोज. मी रागवायचे तिला, तुझं तू खा म्हणून. ऐकायचीच नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, आता मालन तुला पूर्ण पुडी देते. म्हणून ठेवलं."

मीरानं तोंड वळवलं. बराच वेळ शांताबाईंकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, मालन दिसायला कशी होती. शांताबाई सांगायला लागल्या. सांगता सांगता त्यांनी पेजेची वाटी ओढून घेतली आणि बोलणं न थांबवता एक चमचा पुढे केला. मीरानं तो घेतला. मथुराकाकी भिंतीला टेकून पदर तोंडात धरून बसली होती.

मालन खरोखर अर्धी पुडी देत होती की नाही, हे सुगंधाला कधी कळलं नाही. काकीनं सांगितलेल्या गोष्टीत ते नव्हतं. शांताबाई बाहेर आल्या तेव्हा विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. शांताबाईंनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि काठी टेकत टेकडी उतरून गेल्या.

त्या आठवड्यात सुगंधानं एफुआबाईंना पत्र लिहिलं. शब्दकोश जवळ घेऊन, तीनदा खोडून. ताईंची तक्रार लिहायला बसली होती, पण लिहिताना पहिलंच वाक्य वेगळं आलं: तुम्ही तिला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही, खोटं सांगितलं. मग बाकीचं सगळं लिहिलं. त्या आईची परवानगी नव्हती, वहीत उतरवण्याचीसुद्धा नव्हती. तुम्ही संपादकांपैकी आहात, तो भाग छापू नका.

उत्तर यायला तीन महिने लागले. एफुआबाईंनी लिहिलं होतं की तो भाग वगळला आहे. त्यावर डॉ. देवस्थळींनी आपला सगळाच निबंध मागे घेतला, त्यामुळे पुस्तकात मुंबई असणार नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. तू तुझ्या आईच्या आंबोळीवर लिहिशील तर मी वाचेन, असं शेवटी होतं. दोन वर्षांचं काम, टेकडीवरच्या तीस-पस्तीस बायकांचं बोलणं, सगळंच गेलं होतं. सुगंधाला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही.

संध्याकाळी ती मथुराकाकीकडे गेली. काकी दारात तांदूळ पाखडत होती. मीरा आत पाढे म्हणत होती. पुस्तकात ती गोष्ट आता येणार नाही, असं सुगंधानं सांगितलं.

"बरा," काकी म्हणाली. सुपातले दोन खडे तिनं काढून बाजूला टाकले. "आनि पेपरातला खंय जातला?"

काकीनं बस म्हटलं नाही. तिनं सूप उचललं आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही, उघडंच ठेवलं, पण परत बाहेरही आली नाही. आत मीराचा तेराचा पाढा अडला होता. काकीला पाढे येत नव्हते. मीरा मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. सुगंधाला तेराचा पाढा पाठ होता. ती काही न बोलता पायऱ्या उतरून घरी आली.